नेत्याची कारकीर्द तारखांतून कशी वाचायची

"चार वेळा खासदार, दोनदा केंद्रीय मंत्री, काही काळ मुख्यमंत्री." राष्ट्रीय पातळीवरच्या नेत्याचा परिचय बहुतेक वेळा अशा एका ओळीत उरकला जातो. ओळ खोटी नसते, पण तिच्यातून कळत काहीच नाही. चारपैकी किती वेळा लोकांनी मतं देऊन निवडलं आणि किती वेळा आमदारांनी? मंत्रिपदाची शपथ घेतली तेव्हा हे गृहस्थ संसदेचे सदस्य होते का? मुख्यमंत्रिपद सोडून दिल्लीला गेले की दिल्लीतून परत पाठवले गेले?

याची उत्तरं तारखांत असतात. एक वही घ्या आणि पाच रकाने आखा: तारीख, पद, सभागृह, मतदारसंघ, पक्ष. कोणत्याही नेत्याचं आयुष्य या पाच रकान्यांत भरायला बसलात की कुठे गाडी सरळ गेली, कुठे अडली आणि कुठे कुणी हात दिला हे आपोआप दिसू लागतं. दोन नोंदींच्या मधली रिकामी जागा सगळ्यात जास्त बोलते.

यशवंतरावांचा तक्ता

सुरुवात यशवंतराव चव्हाणांपासून करू, कारण त्यांचा तक्ता भरल्यावर भारतीय राजकारणातल्या जवळजवळ सगळ्या पायऱ्या डोळ्यांसमोर येतात.

जन्म देवराष्ट्रे या गावचा. वडील लहानपणीच गेले. वयाच्या विशीआधीच स्वातंत्र्यचळवळीत तुरुंगवास झाला. पहिली वैधानिक नोंद १९४६ची: दक्षिण सातारा जिल्ह्यातून मुंबई प्रांताच्या विधानसभेवर निवड, आणि लगेच गृहमंत्र्यांचे संसदीय सचिव म्हणून नेमणूक. ते गृहमंत्री होते मोरारजी देसाई. हे नाव लक्षात ठेवा, तक्त्याच्या दुसऱ्या टोकाला ते पुन्हा येणार आहे. संसदीय सचिव म्हणजे मंत्री नव्हे. मंत्र्याच्या हाताखाली काम शिकण्याची ती जागा. १९५२मध्ये मोरारजींच्याच मंत्रिमंडळात यशवंतराव मंत्री झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री.

मग येतो नोव्हेंबर १९६२. चीनबरोबरच्या युद्धातल्या पीछेहाटीनंतर कृष्ण मेनन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावं लागलं आणि नेहरूंनी यशवंतरावांना दिल्लीला बोलावलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य महाराष्ट्रात तेव्हापासून आहे. तक्ता भरताना मात्र सभागृहाच्या रकान्यात अडचण येते. शपथ घेतली त्या दिवशी यशवंतराव ना लोकसभेत होते ना राज्यसभेत. ते कराडचे आमदार होते. आमदार असताना केंद्रात मंत्री होता येतं, पण सहा महिन्यांच्या आत संसदेत पोचावंच लागतं. त्यासाठी मोकळी जागा लागते आणि ती नेत्याच्या गावाजवळच मिळेल असं नसतं. ती मिळाली नाशिकला. पोटनिवडणूक झाली आणि यशवंतराव तिथून बिनविरोध निवडून आले. कराडच्या माणसाच्या नावापुढे मधली काही वर्षं "नाशिक" का लागतं, याचं कारण हे. १९६७ला ते साताऱ्यातून उभे राहिले आणि पुढे सातारा त्यांचाच राहिला.

त्यानंतरच्या नोंदी बघा: संरक्षण १९६२ ते १९६६, गृह १९६६ ते १९७०, अर्थ १९७० ते १९७४, परराष्ट्र १९७४ ते १९७७. दिल्लीतली चार सगळ्यात वजनदार खाती, पहिली तीन प्रत्येकी जवळपास चार वर्षं आणि चौथं सुमारे अडीच वर्षं. चारही खाती एवढा प्रदीर्घ काळ सांभाळणारा नेता सापडणं फार अवघड.

१९७७मध्ये काँग्रेस हरली. यशवंतराव लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले. काँग्रेस फुटल्यावर १९७८च्या एप्रिलमध्ये ते पद दुसऱ्या गटाकडे गेलं आणि १९७९च्या जुलैत पुन्हा त्यांच्याकडे आलं. त्याच जुलैत त्यांनी पंतप्रधानांविरुद्ध अविश्वास ठराव मांडला. पंतप्रधान होते मोरारजी देसाई. तेहतीस वर्षांपूर्वी ज्यांच्या हाताखाली पहिलं पद मिळालं, त्यांच्याच सरकारविरुद्ध हा ठराव होता. मतदानाआधीच मोरारजींनी राजीनामा दिला. यशवंतराव चरणसिंगांच्या सरकारात उपपंतप्रधान आणि गृहमंत्री झाले आणि हे सरकार लोकसभेला सामोरं न जाताच महिन्याच्या आत राजीनामा देऊन काळजीवाहू झालं.

पक्षाचा रकाना इथे दाट भरतो: अखंड काँग्रेस, मग फुटीनंतरचे गट, १९८०ला अर्स काँग्रेसच्या (देवराज अर्स यांच्या गटाच्या) तिकिटावर सातारा, पुढच्या वर्षी इंदिरा काँग्रेसमध्ये परत. १९८२मध्ये आठव्या वित्त आयोगाचं अध्यक्षपद मिळालं. २५ नोव्हेंबर १९८४ला दिल्लीत त्यांचं निधन झालं. अर्थमंत्री राहिलेल्या नेत्याला वित्त आयोग देणं हा सन्मान होता की राजकारणातून बाजूला काढणं होतं, यावर वाद घालता येईल. पण उपपंतप्रधानपद आणि वित्त आयोग यांच्या मधल्या दोन-अडीच वर्षांत एकही मंत्रिपद नाही, हे तक्त्यात स्वच्छ दिसतं. माझ्या मते यशवंतरावांच्या शेवटच्या पर्वाबद्दल कुठल्याही भाषणापेक्षा हा मोकळा रकाना जास्त खरं सांगतो.

सहा महिन्यांची मुदत

राज्यघटनेच्या अनुच्छेद ७५ मध्ये तरतूद आहे: संसदेचा सदस्य नसलेली व्यक्ती मंत्री होऊ शकते, पण सलग सहा महिने सदस्य नसेल तर मंत्रिपद जातं. राज्यांसाठी हीच तरतूद अनुच्छेद १६४ मध्ये आहे. पंतप्रधानही याला अपवाद नाहीत.

पी. व्ही. नरसिंह राव यांनी १९९१ची निवडणूक लढवलीच नव्हती. मे महिन्यात राजीव गांधींची हत्या झाली, पक्षाने रावांना नेता निवडलं आणि २१ जून १९९१ला ते पंतप्रधान झाले. मुदत डिसेंबरात संपत होती. नोव्हेंबरात नंद्यालची पोटनिवडणूक लढवून ते प्रचंड मताधिक्याने लोकसभेत आले. देवेगौडा १ जून १९९६ला पंतप्रधान झाले तेव्हा कर्नाटकचे मुख्यमंत्री होते. सप्टेंबरात ते राज्यसभेवर गेले. मनमोहन सिंग जून १९९१मध्ये अर्थमंत्री झाले आणि ऑक्टोबरात आसाममधून राज्यसभेवर आले. महाराष्ट्रात उद्धव ठाकरे यांनी २८ नोव्हेंबर २०१९ला मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. मुदत मे २०२०च्या अखेरीस संपत होती आणि नेमक्या त्याच वेळी कोरोनामुळे निवडणुका पुढे ढकललेल्या होत्या. निवडणूक आयोगाने विधान परिषदेची निवडणूक घ्यायला मान्यता दिली, ती बिनविरोध झाली आणि काही दिवस शिल्लक असताना पेच सुटला.

सहा महिने संपत आले की राजीनामा देऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा शपथ घेतली तर? हा प्रयोग पंजाबात एका मंत्र्याच्या बाबतीत झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने २००१मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. त्याच विधानसभेच्या कार्यकाळात, निवडून न येता, दुसऱ्यांदा सहा महिने मिळत नाहीत.

आता एक जवळचा नियम, जो याच्याशी हमखास गल्लत करून सांगितला जातो. एकच माणूस संसदेचा आणि विधिमंडळाचा सदस्य एकाच वेळी राहू शकत नाही. दोन्हीकडे निवडून आला तर निवडीची अधिसूचना निघाल्यापासून चौदा दिवसांत त्याने विधिमंडळाची जागा सोडायची असते, नाहीतर त्याची संसदेतली जागा रिकामी होते. पण या नियमाचा संबंध सदस्यत्वाशी आहे, पदाशी नाही. हा बारीक फरक एकदा देशाचं सरकार पाडून गेला.

१७ एप्रिल १९९९. अण्णाद्रमुकने पाठिंबा काढल्यावर वाजपेयींनी विश्वासदर्शक ठराव मांडला होता. कोरापुटचे खासदार गिरिधर गमांग फेब्रुवारीतच ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते. मुख्यमंत्री झाले, पण विधानसभेवर अजून निवडून आले नव्हते. म्हणजे सहा महिन्यांची मुदत चालू होती आणि चौदा दिवसांचा नियम लागूच झाला नव्हता. खासदारकी शाबूत. ते दिल्लीला आले, सभागृहात बसले. त्यांनी मत द्यावं की नाही यावर गदारोळ झाला. अध्यक्ष बालयोगी यांनी निर्णय त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोडला. त्यांनी ठरावाच्या विरोधात मत दिलं. बाजूने २६९, विरोधात २७०. त्या दिवशी पक्षाचा आदेश मोडून विरोधात मत देणारे सैफुद्दीन सोझही होते, त्यामुळे एकट्या गमांगांमुळे सरकार पडलं असं म्हणणं पूर्ण बरोबर नाही. पण त्यांचं मत बेकायदा होतं, हे जे आजही सांगितलं जातं, ते मात्र चुकीचंच आहे.

हरूनही दिल्लीला

राज्यसभेला "मागचं दार" म्हणण्याची पद्धत आहे. मला हा शब्द पटत नाही. लोकांनी निवडणुकीत नाकारलेला पण देशाला हवा असलेला माणूस सभागृहात आणता यावा, यासाठीच ही सोय फार मोलाची आहे, आणि याचं सगळ्यात ठळक उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं आहे.

त्यांचा तक्ता पाहताना मन अस्वस्थ होतं. संविधान सभेवर ते आधी बंगालमधून निवडून गेले, कारण मुंबईतून निवडून येण्याइतका पाठिंबा नव्हता. फाळणीत ती जागा गेली. मग बॅ. मु. रा. जयकर यांच्या रिकाम्या झालेल्या जागी जुलै १९४७मध्ये मुंबईतून निवड झाली. कायदामंत्रिपद मिळालं, आणि हिंदू कोड बिल रखडल्यावर १९५१मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईतून नारायण काजरोळकर यांच्याकडून पराभव झाला. १९५२मध्ये राज्यसभा मिळाली. १९५४मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूक लढवली, तिथेही पराभव. म्हणजे मसुदा समितीच्या अध्यक्षांना त्याच राज्यघटनेखाली झालेल्या थेट निवडणुकीतून लोकसभेत एकदाही जाता आलं नाही. राज्यसभा नसती तर शेवटची चार वर्षं ते संसदेबाहेरच राहिले असते.

लातूरचे शिवराज पाटील १९८०पासून सलग सात वेळा लोकसभेवर निवडून आले, १९९१ ते १९९६ लोकसभेचे अध्यक्ष होते, आणि २००४मध्ये हरले. त्याच महिन्यात ते केंद्रीय गृहमंत्री झाले आणि मग राज्यसभेवर गेले. मनमोहन सिंग यांनी १९९९मध्ये दक्षिण दिल्लीतून लोकसभा लढवली आणि हरले. पुढे दहा वर्षं पंतप्रधान असताना ते राज्यसभेतच होते.

राज्यसभेचं मतदान कसं चालतं, हे एकदा आकड्यांसकट बघू. लोकसभेसारखं "ज्याला जास्त मतं तो विजयी" असं इथे नसतं. मतदार असतात विधानसभेचे आमदार. प्रत्येक आमदार उमेदवारांना १, २, ३ असा पसंतीक्रम देतो. प्रत्येक मतपत्रिकेचं मूल्य १०० धरतात. विजयाचा कोटा काढण्यासाठी एकूण वैध मतमूल्याला "जागा अधिक एक" या संख्येने भागायचं आणि अपूर्णांक सोडून येणाऱ्या उत्तरात एक मिळवायचा.

१० जून २०२२ रोजी महाराष्ट्रात सहा जागांसाठी सात उमेदवार होते. २८५ आमदारांनी मतदान केलं. मतपत्रिका आपल्या पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवावी लागते आणि दुसऱ्या कुणाला दिसली तर मत बाद होतं. अशाच आक्षेपावरून एक मत बाद झालं. वैध मतं २८४, मूल्य २८,४००. सात या संख्येने भागलं की ४,०५७. त्यात एक मिळवला की कोटा ४,०५८. पियूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ पहिल्या पसंतीची मतं, म्हणजे ४,८००. कोट्यापेक्षा प्रत्येकी ७४२ जास्त. हे जास्तीचं मूल्य वाया जात नाही. ते त्या मतपत्रिकांवरच्या दुसऱ्या पसंतीकडे जातं. सहाव्या जागेसाठी संजय पवार यांच्याकडे पहिल्या पसंतीची ३३ मतं होती आणि धनंजय महाडिक यांच्याकडे २७. महाडिक गोयल-बोंडे यांच्याच पक्षाचे, त्यामुळे मागे असूनही ते दुसऱ्या पसंतीच्या जोरावर कोटा ओलांडून गेले. पक्षाने आपल्या आमदारांना दुसरी पसंती कुणाला लिहायची हे नीट शिकवलं होतं की नाही, यावर जागा ठरते.

२००३पासून राज्यसभेचा उमेदवार त्याच राज्याचा मतदार असावा ही अट नाही. त्यामुळे राज्याच्या रकान्यात नेत्याचं मूळ गाव शोधत बसू नका.

मतदारसंघाचा रकाना

लोकसभेला तर देशातल्या कुठल्याही मतदारसंघातून उभं राहता येतं. कुठेतरी मतदार यादीत नाव हवं आणि वय २५ पूर्ण हवं. राज्यसभेला वय ३०.

याचा अर्थ किती खोल जाऊ शकतो, हे समाजवाद्यांच्या तक्त्यांत दिसतं. पुण्याचे मधु लिमये लोकसभेत गेले ते बिहारमधल्या मुंगेरमधून आणि नंतर बांक्यातून. जॉर्ज फर्नांडिस यांनी १९६७मध्ये दक्षिण मुंबईत स. का. पाटलांसारख्या बलाढ्य नेत्याला हरवलं. दहा वर्षांनी ते तुरुंगात असताना बिहारच्या मुझफ्फरपूरने त्यांना निवडून दिलं. नरसिंह राव १९८४मध्ये दोन ठिकाणी उभे होते. स्वतःच्या राज्यात हनमकोंड्यात ते हरले आणि विदर्भातल्या रामटेकने त्यांना निवडून दिलं. १९८९लाही रामटेकच. रावांना मराठी उत्तम येत असे, तरी पक्षाला सुरक्षित वाटणारी जागा हे मुख्य कारण.

एकाच वेळी किती जागा लढवायच्या याला पूर्वी बंधन नव्हतं. वाजपेयी १९५७मध्ये लखनौ, मथुरा आणि बलरामपूर अशा तीन ठिकाणी उभे होते. बलरामपूरला जिंकले, मथुरेत अनामत रक्कम गेली. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांश मतंही मिळाली नाहीत की अनामत जप्त होते. आज लोकसभेसाठी ती २५,००० रुपये आहे, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला निम्मी. १९९६पासून कमाल दोन जागा. दोन्ही जिंकल्या तर चौदा दिवसांत एक सोडायची.

याच्या अगदी उलट टोकाला आहे राजापूर. कोकणातल्या या मतदारसंघाने १९५७, १९६२ आणि १९६७ला बॅ. नाथ पै यांना निवडलं. जानेवारी १९७१मध्ये नाथ पै गेले आणि मग मधु दंडवते यांना १९७१ ते १९८९ या काळात सलग पाच वेळा निवडून दिलं. पक्षाची नावं बदलत गेली, माणूस आणि मतदारसंघ बदलला नाही. दंडवते मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत. १९७७मध्ये ते रेल्वेमंत्री झाले. तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात लाकडी फळ्या असत. दंडवत्यांनी त्यांवर दोन इंच जाडीचं फोम बसवायला सुरुवात केली. दोनच इंच! पण रात्रभर फळीवर अंग टेकून आलेल्यांना त्याची किंमत विचारा. मंत्र्याच्या कामाचं मोजमाप करायचं तर अशा गोष्टीने करावं, असं मला मनापासून वाटतं. १९८९मध्ये ते अर्थमंत्री झाले. १९९१मध्ये राजापूरनेच त्यांना हरवलं.

जुने तक्ते भरताना एक खड्डा लक्षात ठेवा. २००८च्या फेररचनेत अनेक मतदारसंघांची नावं आणि हद्दी बदलल्या. राजापूर आज नकाशावर नाही, तो भाग रत्नागिरी-सिंधुदुर्गमध्ये आहे. कुलाबा म्हणजे मुंबईतला कुलाबा नव्हे, आजचा रायगड. चिंतामणराव देशमुख १९५२ला "कुलाब्या"तून निवडून आले असं वाचून कुणी दक्षिण मुंबई लिहून ठेवतं, ती चूक यातूनच होते.

मंत्री म्हणजे नेमकं काय

कॅबिनेट मंत्री, स्वतंत्र कार्यभार असलेला राज्यमंत्री आणि राज्यमंत्री या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. साधा राज्यमंत्री कॅबिनेट मंत्र्याच्या हाताखाली असतो, आणि बोलावल्याशिवाय मंत्रिमंडळाच्या बैठकीला जात नाही. २००३च्या ९१व्या घटनादुरुस्तीपासून पंतप्रधानांसकट मंत्र्यांची संख्या लोकसभेच्या १५ टक्क्यांपुरती मर्यादित आहे. ५४३ जागांवर ती ८१ येते. परिचयात नुसतं "केंद्रीय मंत्री" लिहिलं असेल तर दर्जा शोधून काढा.

खासदारांची हजेरी तपासताना लोक नेहमी फसतात. मंत्री आणि मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेता हजेरीपटावर सही करत नाहीत. मंत्री प्रश्नही विचारत नाहीत, ते उत्तरं देतात. त्यामुळे मंत्र्याच्या नावापुढे प्रश्न शून्य दिसले म्हणजे तो निष्क्रिय, असा निष्कर्ष निघत नाही. आकडे वापरायचे तर मंत्रिपद नसलेल्या काळातलेच वापरा.

कारकीर्द तुटते कुठे

निवडणुकीत हरणं ही कारकिर्दीतली साधी घटना आहे. खरं तुटणं होतं अपात्रतेमुळे, आणि तिथे एकेक दिवस मोजला जातो.

१२ जून १९७५ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची रायबरेलीची निवड रद्द केली आणि सहा वर्षांची अपात्रता लावली. कारणं दोन: व्यासपीठं उभारायला आणि ध्वनिक्षेपकांच्या विजेसाठी सरकारी अधिकाऱ्यांची मदत, आणि यशपाल कपूर यांचा प्रचारात वापर. कपूर पंतप्रधान सचिवालयातले राजपत्रित अधिकारी होते. त्यांनी राजीनामा १३ जानेवारी १९७१ला दिला, पण तो स्वीकारल्याची कारवाई २५ जानेवारीची. न्यायालयाने धरलं की २५ तारखेपर्यंत ते सरकारी नोकरच होते, आणि इंदिरा गांधी तर २९ डिसेंबर १९७०पासूनच उमेदवार होत्या. मधल्या दिवसांतलं काम भ्रष्ट आचार ठरलं. नंतर कायद्यातच पूर्वलक्षी बदल झाले आणि त्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९७५मध्ये निवड कायम ठेवली. दरम्यान देशात आणीबाणी लागू झाली होती.

शिक्षेचंही असंच. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की सदस्यत्व जातं आणि सुटकेनंतर पुढची सहा वर्षं निवडणूक लढवता येत नाही. २०१३पर्यंत विद्यमान सदस्याला अपील करून पद टिकवता येत होतं. १० जुलै २०१३च्या निकालाने ती सवलत संपली. लालूप्रसाद यादव यांची खासदारकी त्याच वर्षी गेली. राहुल गांधींना २३ मार्च २०२३ला सुरतच्या न्यायालयाने मानहानीच्या खटल्यात बरोबर दोन वर्षं शिक्षा दिली, दुसऱ्याच दिवशी सदस्यत्व गेलं. एक दिवस कमी शिक्षा असती तर गेलं नसतं. ४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिली आणि ७ ऑगस्टला सदस्यत्व परत मिळालं. स्थगिती शिक्षेला नव्हे, दोषसिद्धीला लागते, हा मुद्दा बातम्यांत नेहमी निसटतो.

पक्षांतरबंदी कायदा १९८५चा. सुरुवातीला एक तृतीयांश खासदार एकत्र बाहेर पडले तर ती "फूट" मानून माफ होती. १९९०मध्ये जनता दलाचे १४३ खासदार होते, म्हणजे ४८ पुरेसे होते. त्यापेक्षा जास्त घेऊन चंद्रशेखर बाहेर पडले आणि पंतप्रधान झाले. २००३मध्ये फुटीची तरतूद काढून टाकली. आता विलीनीकरणासाठी दोन तृतीयांश लागतात. तेवढ्याच १४३मध्ये आज ९६ लागले असते. म्हणून १९९०च्या पक्षांतराला आजच्या फूटपट्टीने मोजू नका. त्या-त्या वर्षीचा कायदा बघा.

शपथपत्र कसं वाचायचं

२००३पासून प्रत्येक उमेदवाराला नमुना २६मध्ये शपथपत्र द्यावं लागतं आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतं. स्वतः, जोडीदार, अविभक्त कुटुंब आणि अवलंबित व्यक्ती यांचे पॅन, पाच वर्षांचं उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, सरकारी थकबाकी, प्रलंबित गुन्हे, शिक्षण, सगळं त्यात येतं. एकही रकाना मोकळा सोडता येत नाही. काही नसेल तर "निरंक" किंवा "लागू नाही" लिहायचं. २०१३च्या निकालानंतर मोकळ्या रकान्यांमुळे अर्ज फेटाळता येतो. खोटी माहिती दिली तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

दोन निवडणुकांच्या शपथपत्रांतले एकूण आकडे शेजारी ठेवून "मालमत्ता तिप्पट झाली" असं म्हणण्याआधी स्थावर मालमत्तेचं पान उघडा. तिथे खरेदीची किंमत आणि आजचा बाजारभाव वेगळे दिलेले असतात. वडिलोपार्जित जमीन तीच असेल, गट क्रमांक तोच असेल आणि फक्त शेजारून महामार्ग गेल्यामुळे भाव वाढला असेल, तर नेत्याने नवीन काही घेतलेलं नसतं. उलट एकूण आकडा फारसा हललेला नसेल, पण गट क्रमांक नवे दिसत असतील आणि कर्जाचा रकानाही फुगला असेल, तर तिथे थांबून वाचण्यासारखं बरंच असतं. अवलंबित व्यक्तींची संख्याही मोजा. सज्ञान होऊन कमावता झालेला मुलगा अवलंबितांच्या यादीतून बाहेर पडतो आणि त्याच्याबरोबर त्याच्या नावावरची मालमत्ताही पुढच्या शपथपत्रातून नाहीशी होते. कायद्याने ते चालतं. तुमच्या वहीत मात्र त्या तारखेपुढे खूण करून ठेवा.